सोड!

"सोड!" हा आमच्या दोघींचा शब्द. लहानपणी मी आणि धाकटी बॅडमिंटनमध्ये जोडीने खेळायचो. शटल बाहेर जाणार असं दिसलं की मी ओरडायचे, "सोड!" आणि ती उगारलेली रॅकेट तशीच खाली घ्यायची. मागे वळूनसुद्धा पाहायची नाही, इतका भरवसा.

पुढे माझं खेळणं सुटलं आणि मी रॅकेटच्या जाळ्या ओवायचं दुकान टाकलं. धाकटी एकेरीत सात वेळा विजेती झाली. पण माझं ओरडणं काही सुटलं नाही. रॅली चालू असताना कोचने बोलायचं नाही असा नियम आहे, पण प्रेक्षकांत बसलेल्या बहिणीच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

या वर्षी बाईसाहेबांनी नवंच खूळ काढलं. मी तिच्या मागच्या रेषेसमोरच बसायचं. तिने बाजू बदलली की मीही पिशवी उचलून स्टँडच्या दुसऱ्या टोकाला पळायचं, आणि माझ्यामागे आई.

"अगं, माझे गुडघे दुखतात," मी म्हटलं.

"खेळतंय कोण, तू का मी?"

चॅम्पियन लोकांच्या लहरी म्हणून मी हसण्यावारी नेलं. एक मोजा उलटा घालून खेळणाऱ्याही पाहिल्यात मी.

फायनलला मी आणि आई अशीच पळापळ करून बसलो होतो. आमची आई मॅच बघत नाही, सोसते. डोळे गच्च मिटून माझं मनगट धरून बसते. तिसरा गेम, धाकटीचे एकोणीस, समोरचीचे वीस. हा पॉइंट गेला की आठवं विजेतेपद गेलं. समोरचीने शटल उंच, मागे मारलं. सगळा हॉल श्वास रोखून बसला आणि आईची नखं कचकन माझ्या मनगटात रुतली.

"सोड, आई!" मी किंचाळले.

धाकटीने रॅकेट खाली घेतली.

शटल तिच्या मागे पडलं. रेषेवर नव्हे, चांगलं वीतभर आत. लाइन जजने रेषेकडे हात केला. समोरची गुडघ्यांवर बसून रडायला लागली, आणि मला काही क्षण टाळ्यासुद्धा ऐकू येईनात. सात वेळची चॅम्पियन वीतभर आतलं शटल सोडते, हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. का सोडलं, ते फक्त मला ठाऊक होतं.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर एकटी बसली होती. मी दार लावलं आणि एका दमात सांगून टाकलं. "मी आईला म्हणत होते. माझा हात सोड म्हणून. तुला नाही गं, तुला नाही."

मला वाटलं, आता रॅकेट फेकून मारेल. मारायलाच हवी होती. तिने बाटली घ्यायला डावीकडे हात केला. हात बाटलीच्या अलीकडेच मिटला, रिकामा.

"पण वीतभर आत होतं," मी म्हटलं. "तुला दिसलं कसं नाही?"

"नाहीच दिसलं. डाव्या डोळ्यापुढे सहा महिने झाले, पडदा आल्यासारखं झालंय. शटल दिसतं, पण ते किती लांब आहे ते कळत नाही. मागचं सगळं मी तुझ्या आवाजावर खेळत होते, ताई."

मी तिच्याशेजारी बाकावर बसले. ती रेषेसमोरची जागा, ती पळापळ, तो हट्ट! मी बावळट, त्याला लहर म्हणत होते.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"लगेच ऑपरेशन करा, उशीर केला तर तो डोळा जाईल. मी म्हटलं, फायनल होऊ दे."

"आणि आता?"

"आता पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे ना. तिथे नाव दिलंय."

बाहेर पत्रकार दार ठोठावत होते. ती उठली, डाव्या हाताने भिंत चाचपत दारापर्यंत गेली आणि फटीतून म्हणाली, "माझा अंदाज चुकला. बस्स, एवढंच लिहा." माझं नाव घेतलं नाही.

ती परत येऊन बसली तेव्हा मी तिची रॅकेट मांडीवर घेतली होती. जाळी मीच ओवलेली.

"सोड," मी म्हटलं.

तिने चांगला डोळा माझ्याकडे वळवला.

"या वेळी मलाच म्हणतेस ना?"

"तुलाच. आधी डोळा."

लहानपणीसारखंच तिने मागे वळून पाहिलं नाही. नुसती होकारार्थी मान हलवली.