नाचाची जमीन

"हे काय करून ठेवलंत, उना?" कार्पेट बसवायला आलेल्या डार्कोनं तळहात पुढे केला. बोटांवर मेण चकाकत होतं. "या जमिनीवर गोंद धरेल कसा? काल तर इथं एवढं मेण नव्हतं."

"काल संध्याकाळीच केलं. म्हटलं, इथं दवाखाना उघडायचा, नवी माणसं यायची. जमीन कशी लखलखायला हवी."

"अहो, पण वरून कार्पेट बसणार आहे!"

उना ट्रेवास्किसनं हातातली किसणी खाली ठेवली. "मला कुणी सांगितलं नाही," ती एवढंच म्हणाली.

खाणकामगारांनी दिवसभराची पाळी करून, मग स्वतःच्या हातांनी बांधलेली ही इन्स्टिट्यूट, म्हणजे गावाचा हॉल. आधी वाचनालय, मग सिनेमा, मग मतदान आणि लसी. पण गावाच्या मनात ती होती नाचासाठी. मेणबत्त्यांचा कीस भुरभुरायचा, गोणपाटावर एकाला बसवायचं, दुसऱ्यानं ओढत फिरवायचं. जमीन आरशासारखी होई. एकेचाळीस वर्षं ते काम उनाचं. नाच थांबून एकोणीस वर्षं झाली, ओढायला कुणी उरलं नाही, तर ती गोणपाटावर कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं ठेवून एकटीच ओढायची. महिन्याचा पहिला शुक्रवार काही चुकला नाही. देवळातला दिवा कुणी दर्शनाला येवो न येवो लावायचाच असतो, तसं.

स्वतः मात्र ती त्यावर कधी नाचली नाही. रेज पेन्बर्थीनं एकदा विचारलं होतं. पण चहाचं भांडं उकळत होतं, ते कुणावर टाकून जायचं? वाढणाऱ्याचं पान शेवटी, आणि तोवर रेज कधीच घरी गेला होता.

"घासायचं मशीन आणतो," डार्को म्हणाला. "वरचा थर खरवडून निघेल."

"लाकूडही निघेल."

"थोडं निघणारच."

"मग नको. घातलं मी, काढीन मी. टर्पेंटाइन आहे का तुझ्या गाडीत?"

"या वयात? अख्खा हॉल?"

"पोरा, माझं वय मोजत बसलास तर तुझी दुपार जाईल."

तो हसला. "चारपर्यंत. मग मशीन."

ती गुडघ्यांवर बसली. एक फळी, मग दुसरी. ओठांत एक जुनं भजन होतं, अर्धे शब्द विसरलेलं. चिंधी काळी होई, ती पुढची घेई. मधे डार्कोनं एक बादली आणून ठेवली. त्याच्या चहाला तिनं नकार दिला.

पावणेचारला तो रंगमंचापाशी वाकला, हात फिरवून पाहिला. जमीन कोरडी, फिकी. एकही ओरखडा नव्हता.

"धरेल," तो म्हणाला. "लाकडाला धक्का नाही."

उना भिंतीला धरून उठली. डार्कोनं गोंद ओतला, पसरला, आणि करड्या कार्पेटची गुंडाळी उलगडत उलगडत तिच्या पायांशी आणली. वाटेत एक दोरा पडला होता. तिनं तो वाकून उचलला, आणि बाजूला झाली.