पांढऱ्या घुबडांचा एकुलता एक गोल

कागदाची गिरणी बंद पडल्यावर सेंत-ओदीलच्या पुरुषांनी काय करायला हवं होतं, हे मी सांगणारी कोण? त्यांनी आइस हॉकीचा संघ काढला. नाव ठेवलं 'पांढरी घुबडं'. घुबडाला निदान अंधारात तरी दिसतं. आमच्या या वीरांना दिव्यांच्या लखलखाटात पायापुढची चकती दिसत नाही.

माझा नवरा ओरेल या संघाच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. मंडळ म्हणजे तो, त्याचे चुलतभाऊ आणि एक ढोल. पहिल्या सामन्यापासून त्याने संघाची जर्सी धुऊ दिलेली नाही. धुतली तर म्हणे नशीब वाहून जाईल.

"कुठलं नशीब, ओरेल?" मी एकदा विचारलं.

"न धुता आठनं हरलो. धुतली असती तर बारानं हरलो असतो."

आणि मी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाते, संध्याकाळी माळ म्हणते, नाताळाआधीच्या आगमनकाळात गोड तोंडात घालत नाही, यावर हा माणूस लग्नापासून हसत आलाय. "मणी ओढून कुणाचं भलं झालंय, लोरेट?" असं मला ढोल बडवणारा विचारतो.

नाताळाआधीच्या शेवटच्या घरच्या सामन्याला लोक कापडी अस्वलं घेऊन येतात. आपल्या संघाने पहिला गोल केला की सगळ्यांनी ती एकदम बर्फावर फेकायची, मग गोळा करून आजारी मुलांना पाठवायची. सगळ्या गावांत हे चालतं. फरक एवढाच, की बाकीच्या गावांत गोल होतो. आमच्या घुबडांनी घरच्या बर्फावर तोवर एकही गोल केला नव्हता.

अस्वलांची कल्पना ओरेलची, शब्द मात्र मी देऊन बसले होते. जिल्ह्याच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात सिस्टर ब्लांदीन आहेत. नाताळातही घरी जाता येत नाही अशी मुलं त्यांच्याकडे असतात. त्या मुलांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं, अस्वलं येणार म्हणून. सामन्याच्या दुपारी त्या स्वतः गाडी घेऊन येणार होत्या. हिमवादळाचा अंदाज होता, घाटाचा रस्ता एकदा बंद झाला की नाताळ उलटेपर्यंत उघडायचा नाही.

"आणि गोल झालाच नाही तर?" मी आदल्या दिवशी विचारलं.

"होणार."

"समजा, नाही झाला."

"तुझा देवावर विश्वास आहे ना? तसा माझा घुबडांवर."

"देवानं अजून तरी स्वतःच्याच जाळ्यात चकती घातलेली नाही," मी म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही. मी हळू बोलते आणि तो ढोलाची कातडी ताणत होता.

रविवारी दुपारी सगळं गाव रिंकमध्ये. प्रत्येकाच्या मांडीवर अस्वल, ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. समोर पोर-सोमोंचा संघ, उंचापुरी, दात पडलेली, शिस्तीची पोरं. त्यांनी पहिला गोल केला तेव्हा आमचा गोलरक्षक मार्तिनो शिरस्त्राणाचा पट्टा सारखा करत होता. दुसरा केला तेव्हाही तो तेच करत होता. लोखंडी सामानाच्या दुकानात हा मनुष्य खिळेसुद्धा असेच शोधतो.

शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा आठ-शून्य झालेलं. ओरेलचा ढोल थांबला नव्हता. आणि मग काय झालं कोण जाणे, आमच्यातल्या एकाची काठी चकतीला लागली, चुकूनच लागली असणार, आणि चकती टण्‌कन गोलच्या खांबावर आदळून परत आली. माझ्या शेजारच्या फेर्नांदला वाटलं गोल झाला. तिने किंचाळून आपलं अस्वल भिरकावलं.

"फेर्नांद! खांब होता तो, खांब!" ओरेल गरजला.

"मग आवाज कशाला केला त्यानं?" फेर्नांद रडवेली झाली.

बर्फावर वस्तू फेकल्याबद्दल पंचाने आमचाच एक खेळाडू बाहेर बसवला. तेवढ्यात त्यांनी नववा घातला. भोंगा वाजला आणि सामना संपला.

मला वाटलं, आता सगळे उठतील आणि अस्वलं गाडीत नेऊन ठेवतील. उठले, पण अस्वलं काखेत मारून दाराकडे निघाले! दाराशी सिस्टर ब्लांदीन बूट आपटत उभ्या. ओरेल ढोलावर एक थाप मारून म्हणाला, "मंडळी, गोल झाल्याशिवाय अस्वल सोडायचं नाही. नाहीतर वर्षभराचा शाप लागेल. पुढच्या सामन्याला घेऊन या."

"पुढचा सामना कधी?" सिस्टरनी विचारलं.

"तीन राजांचा सण झाल्यावर, जानेवारीत."

"तोवर मुलांना काय सांगू?"

"सांगा, घुबडं मेहनत घेतायत."

रविवारचं प्रवचन ऐकताना ज्यांची मान लवते तीच माणसं, पिशवीतली अस्वलं उराशी धरून शापाला घाबरत उभी. शाप लागून आणखी काय होणार होतं, दहा-शून्य?

पोर-सोमोंचा कप्तान हे सगळं ऐकत होता. कठड्याशी येऊन म्हणाला, "महाशय, आमचा गोलकीपर बाजूला होतो. तुमच्यातल्या कुणीही एक घालून टाका. मुलांसाठी."

ओरेल लालबुंद झाला. "आम्हाला भीक नको!"

"मला हवीय," मी म्हणाले.

या वेळी ऐकू गेलं, कारण ढोल बंद होता.

मी कठड्याचं दार उघडून बर्फावर पाय ठेवला. मिस्सेचे बूट होते पायात, टाचेला रबर. एका हाताने कठडा धरून चालत राहिले. बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र घेऊन निघालेला कोनरा तिथेच थांबला. आमच्या बाकाजवळ मार्तिनोने आपली रुंद काठी पुढे केली.

"घ्या, मादाम लोरेट. मला काही हिचा उपयोग झाला नाही."

त्यांच्या गोलरक्षकाने अदबीने विचारलं, "मादाम, मी खरंच बाजूला होऊ? की थोडं अडवल्यासारखं करू?"

"हो बाजूला, लेकरा. अडवायचं असेल तर सामन्यात अडव."

"सामन्यात कुणी मारलंच नाही," तो बिचारा म्हणाला.

जाळं माझ्यापासून दोन हातांवर, रिकामं. मी चकती ढकलली. ती खांबाला लागली.

"बघा!" वरून ओरेल ओरडला. "वाटतं तेवढं सोपं नसतं ते!"

मी मनात एकदा 'नमो मरिया' म्हटलं आणि पुन्हा ढकलली. चकती रखडत रखडत रेषेपलीकडे गेली. कोनराने यंत्रावरून उडी मारून लाल दिवा लावला, भोंगा दाबला.

"हा गोल नाही!" ओरेल ओरडत होता. "ही संघात नाही! काठी गोलकीपरची आहे! सामना संपलाय!"

"मादाम लोरेट याच गावच्या ना?" कोनरा म्हणाला. "मग घरचाच गोल झाला."

फेर्नांदकडे अस्वल उरलं नव्हतं, म्हणून तिने आपली टोपी फेकली. आणि मग बघता बघता सगळ्या बाजूंनी अस्वलं सुटली. एक माझ्या पाठीत बसलं, दोन डोक्यावर. पोर-सोमोंची पोरं हसत हसत ती काठ्यांनी ढकलून दाराशी नेऊ लागली. मी पडू नये म्हणून गोलरक्षक माझा हात धरून उभा होता. वर फक्त ओरेल बसून होता, एका मांडीवर ढोल, दुसऱ्या मांडीवर अस्वल.

मी त्याच्यापाशी गेले आणि हात पुढे केला. त्याने अस्वलाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"हे मोजायचं नाही," तो म्हणाला.

"नको मोजूस. दे."

त्याने दिलं. घाटात बर्फ पडायच्या आत सिस्टर ब्लांदीनची गाडी निघाली. मागच्या काचेला अस्वलांची नाकं टेकलेली दिसत होती.

आठवडाभर ओरेल माझ्याशी हॉकीबद्दल अक्षर बोलला नाही. असा शांत नाताळ आमच्या घरात कधी झाला नव्हता. मग एका सकाळी कॉफीच्या दुकानात चुलतभावांना सांगताना मी त्याला ऐकलं, "नऊ-शून्य कोण म्हणतं? नऊ-एक. शेवटी शेवटी दबाव आणला आम्ही."

"गोल कुणाचा?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"नवीन आहे एक. डावखुरी."

मी डावखुरी नाही. पण माझ्याकडे पाहायचं टाळून तो हे इतक्या श्रद्धेने सांगत होता, की मी ब्रेड घेऊन गुपचूप बाहेर पडले.

तीन राजांच्या सणानंतरच्या सामन्याला निघताना तो दारात अडून उभा राहिला. "लोरेट, ते बूट घाल. त्या दिवशीचे. आणि धुतले नाहीस ना?"

"त्याच संध्याकाळी धुतले. दुसऱ्या दिवशी मिस्सेला जायचं होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. घुबडं त्या दिवशी अकरा-शून्य हरली. त्याचा दोष अजून माझ्या बुटांवर आहे.