गॅलरीकडचा पाय

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या ह्यांच्या हौसेला वजन होतं, चारशे किलो.

ती हौस टेम्पोतून उतरली तेव्हा दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. हे हाटकेशच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कामाला. पूल टेबलं, म्हणजे काठीने बॉल ढकलायच्या खेळाची टेबलं, लावून द्यायची, हेच काम. कुणाचा बंगला, कुणाचा क्लब, कुठे कुठे जाऊन टेबल लावून यायचे आणि जेवताना मला सांगायचे, चंपा, असं सपाट लावलंय की वर पाण्याचा थेंब ठेवलास तर जागचा हलणार नाही. मी म्हणायचे, आपल्या ओट्याचं पाणी लग्न झाल्यापासून शेगडीखाली जातंय, तिकडे बघा की जरा. तर तिकडे काही बघितलं नाही. मग रिटायर झाले, आणि त्याच सुमारास काशीमीऱ्याच्या एका हॉटेलातली खेळायची खोली बंद झाली. तिथलं जुनं टेबल हॉटेलच्या शेठने ह्यांना असंच देऊन टाकलं. जन्मभर लोकांच्या घरी टेबलं लावली, आता एक आपल्या घरात लावीन म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या, म्हणून मी जीभ आवरली.

गोडदेवला आमचा तिसरा मजला. बिल्डिंग अडतीस वर्षांची, हॉल बेताचा. सोफा काढला, टीव्ही आतल्या खोलीत गेला, तरी काठी मागे ओढायला जागा पुरेना. त्या खेळाला टेबलाच्या चहूबाजूंनी पाच फूट मोकळे लागतात म्हणे. आखूड काठीही मिळते, मी ती बघितली होती त्यांच्या कारखान्यात. तसं म्हटलं तर हे माझ्यावरच खेकसले.

"आखूड काठीने पोरं खेळतात, चंपा. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, पाच फूट म्हणजे पाच फूट. आता माझ्याच घरात आखूड काठी?"

म्हणून हॉल आणि गॅलरीच्या मधली भिंत फोडली. ह्यात काही जगावेगळं नव्हतं. गोडदेवात कुणाची गॅलरी गॅलरी राहिलीय? कुणी तिथे स्वयंपाकघर केलं, कुणी सुनेला खोली काढून दिली. आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि टेबल मांडलं. दोन पाय हॉलमध्ये, दोन पाय जुन्या भिंतीच्या पलीकडे, हातभर गॅलरीत. टेबल दिसतं लाकडाचं, पण हिरव्या कापडाखाली दगडाच्या तीन मोठ्या लाद्या असतात, एकेक ऐंशी किलोची. त्या तीन जिने चढवताना सहा माणसांच्या तोंडाला फेस आला.

आमच्या बरोबर खाली विल्मा राहते. राहायची. मूळची उत्तनची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, शिवणकामावर घर चालवायची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, त्यामुळे उजेडासाठी मशीन गॅलरीत ठेवायची. सकाळी आठला तिची खडखड सुरू झाली की मी गॅसवर दुसरा चहा ठेवायचे. तीस वर्षांची शेजारीण ती. टेबल बघायला वर आली, पांढऱ्या बॉलवरून हात फिरवला आणि म्हणाली, "विठूभाऊ, ह्या वयात पोर झालं तुमाला. न्हाय, पोरच हाय हे. बघा कसं पुसताय त्याला."

खूप हसलो तेव्हा.

पंधरा दिवसांनी बॉल पळायला लागला. मधोमध ठेवला की आधी विचार केल्यासारखा थांबायचा आणि मग आपला आपण गॅलरीकडच्या उजव्या कोपऱ्याकडे निघायचा. ह्यांनी मला विचारलं, टेबलावर पापड वाळत घातलेस का? मी म्हटलं, तुमच्या त्या लाडक्याला मी फडकंसुद्धा लावत नाही, माझ्यावर कशाला येताय. मग त्यांनी लेव्हलची पट्टी काढली, गॅलरीकडच्या त्या पायाखाली प्लायवूडचा एक तुकडा सारला आणि पट्टीतला बुडबुडा मधे आणला. नवीन जागेत टेबल बसतं थोडं, म्हणाले. मला पटलं. त्यातलं मला काय कळतं?

संक्रांतीला दुसरा तुकडा गेला. त्यानंतर तिसरा. प्रत्येक वेळी तोच पाय. आधी हे तुकडा सारताना बडबडायचे, शिट्टी वाजवायचे. तिसऱ्या वेळी लेव्हलची पट्टी पुसून पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर टाकली, जिथे माझा हात पोचत नाही.

शिमग्याला आम्ही गुहागरला गेलो, दहा दिवस. घर बंद. जायच्या आधी ह्यांनी टेबल परत सपाट करून, मधोमध पांढरा बॉल ठेवून वर चादर घातली होती. आल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या आधी चादर काढली. बॉल कोपऱ्यातल्या जाळीत होता. किल्ली आमच्याकडे, घरात मांजरसुद्धा आलेलं नाही. हे खाली बसले, जमिनीला गाल लावून टेबलाखालून गॅलरीकडे बघत राहिले.

"अहो, टेबल हलतंय की जमीन?"

"प्रवासातून आलीस, चहा टाक."

"मी काय विचारतेय?"

"चंपा, गप्प बस जरा."

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस. त्याला कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण ते तोंडाने बोललं की टेबल गेलं, म्हणून त्यांनी चौथा तुकडा सारला.

दोन दिवसांनी विल्मा वर आली. ओच्यात प्लास्टरचा तळहाताएवढा तुकडा होता. उत्तनच्या चर्चमध्ये मे महिन्यात लहान मुलींचा पहिला कम्युनियन असतो, आपल्या मुंजीसारखा विधी, त्याचे तीस पांढरे फ्रॉक तिने शिवायला घेतले होते.

"बघ गो चंपा. फ्रॉकावर पडला. डोक्यात पडला असता मंजे?"

आम्ही तिघं खाली गेलो. तिच्या गॅलरीच्या छताला, आमच्या जुन्या भिंतीच्या खालोखाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. चिरेतून गंजाचं तांबडं पाणी ओघळून वाळलं होतं. ह्यांनी स्टुलावर चढून बोटांनी ठोकलं. पोकळ वाजलं. खाली उतरून विल्माला म्हणाले, काही नाही, पुट्टी मारून देतो. तिच्याकडे बघून म्हणालेच नाहीत, मशीनकडे बघून म्हणाले.

त्या दिवशी मी गप्प बसले नाही. जिन्यातच सुरू केलं. तुमच्या खेळापायी त्या बाईच्या डोक्यावर दगड टांगून ठेवलाय तुम्ही, लाज वाटत नाही का, असं सगळं. दारं उघडून लोक बघायला लागले. संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी पराग घरी आला. मुलगा वाईट नाही, पण गोड बोलून पाचर मारणारा.

"काकू, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कुणी लेखी तक्रार केली ना, तर महापालिकेचे लोक येणार, धोकादायकची नोटीस चिकटवणार. चोवीस घरं रस्त्यावर. भाड्याने कुठे जायचं सगळ्यांनी? काका टेबल काढून टाकतील, वजन गेलं की विषय संपला. आपण शिमेंट लावून घेऊ."

मला ते बरोबर वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. ह्यांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी सदूला फोन केला. सदू त्यांचा कारखान्यातला जोडीदार, तो आणि साहिल म्हणून एक दणकट माणूस, दोघं पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

मधे दहा दिवस होते. मी खाली जाऊन विल्माला बजावलं, टेबल निघेपर्यंत गॅलरीत पाय टाकायचा नाही, मशीन आत घे. तिने आत घेतली. पण आतल्या ट्यूबलाइटमध्ये तिला पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसेना. शिवण वाकडी जायची, उसवायची, परत घालायची. जिन्यात भेटली की विचारायची, "कवा काढताय गो टेबल? अजून अकरा फ्रॉक हायत." डोळे सुजलेले असायचे. मला तिचं तोंड बघवेना. रविवार कधी येतो असं झालं होतं मला.

आला. विल्मा चर्चमधली सकाळची मिस, म्हणजे प्रार्थना, करून परत आली, तेवढ्यात सदू आणि साहिल हजर. तिघांनी आधी कडेच्या फळ्या सोडवल्या, मग टाचण्या उपटून हिरवं कापड गुंडाळलं. खालचा दगड उघडा पडला, राखाडी, गुळगुळीत. स्क्रू सुटले. पहिली लादी उचलली तेव्हा ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त आनंद झाला. ती अजून सदू-साहिलच्या हातात, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर, आणि मला दम धरवेना. मी गॅलरीच्या खिडकीतून वाकले आणि खाली हाक मारली.

"विल्मा, निघालं गं बाई टेबल. आण तुझी मशीन बाहेर, बस निर्धास्त."

"निघालं? देव भलं करो तुमचं," खालून तिचा आवाज आला. लगेच मशीन फरशीवरून ओढल्याचा आवाज आला आणि खुर्चीचाही.

मी चहा टाकायला आत गेले. पाच कप ठेवले, एक विल्माला खाली नेऊन द्यायचा म्हणून. आलं किसता किसता बाहेरचं ऐकत होते. सदू म्हणत होता, "उभी, उभी. टेकव तिकडे." कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. खालून खडखड सुरू झाली होती, दहा दिवसांनी, आणि मला ती ऐकून बरं वाटत होतं.

ट्रे घेऊन बाहेर आले. हॉलमध्ये टेबलाचा सांगाडा, फळ्या, पाय पसरलेले. लाद्या तिथे नव्हत्या. तिन्ही लाद्या गॅलरीत होत्या, अगदी बाहेरच्या कठड्याला उभ्या टेकवलेल्या, एकीवर एक.

त्यांच्या धंद्याची ती रीत आहे. लादी आडवी ठेवली तर तडकते, म्हणून उभी ठेवायची, आणि वाटेत कुणाचा पाय लागू नये म्हणून खोलीच्या बाहेरच्या भिंतीला. अठ्ठावीस वर्षं ह्यांनी आणि सदूने हेच केलं होतं. टेम्पो बाराला येणार, तोवर लाद्या जपायला नकोत? तिघं भिंतीला टेकून घाम पुसत होते, काम नीट झालं म्हणून खूश होते.

मी शिकलेली नाही. पण भरलेली कळशी कमरेवर घेतली तर चालून जाते आणि हात लांब करून धरली तर खांदा उतरतो, एवढं कुठल्याही बाईला कळतं. टेबलाचं निम्मं वजन तरी हॉलवर होतं. आता सगळा दगड गॅलरीच्या टोकाला गेला होता.

"अहो, त्या लाद्या आत घ्या आधी."

"घेतो. चहा होऊ दे. हात भरून आलेत सगळ्यांचे."

"आत्ता घ्या. विल्मा खाली बसलीय."

ह्यांचा कप अर्ध्यावर थांबला. "तिला तर आत बसायला सांगितलंय ना?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. अनवाणी जिना उतरले, वीस पायऱ्या. तिच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. आतून मशीन चालूच होती. बेल दाबली, परत थापा मारल्या, विल्मा, विल्मा म्हणून ओरडले. मशीन थांबली.

"आले गो. येवढी एक शिवण पुरी करते."

"शिवण राहू दे, आधी दार उघड."

"आले, आले," ती हसत म्हणाली, आणि मशीन परत सुरू झाली.

मग जो आवाज झाला तो मला सांगता येत नाही. दार माझ्या हाताखाली थरथरलं आणि दाराखालच्या फटीतून पांढरी धूळ माझ्या पायांवर आली. त्यानंतर मशीन वाजली नाही.

पोलीस आले, महापालिकेचे लोक आले, टीव्हीवाले आले. टेबल कुणी आणलं, भिंत कुणी फोडली, लाद्या तिथे कुणी ठेवल्या, सगळं विचारलं. ह्यांनी सगळ्याला मी, मी असंच सांगितलं, सदूचं नावसुद्धा घेतलं नाही. चोवीस घरं रिकामी झालीच. आम्ही आता नालासोपाऱ्याला भाच्याकडे राहतोय. केस चालू आहे. हे दिवसभर बसून असतात. बिल्डिंगमधली माणसं बाजारात भेटली की माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, चंपाताई, तुमची काय चूक, तुम्ही तर पहिल्यापासून ओरडत होता.

मी मान हलवते आणि भाजी घेऊन घरी येते. विल्मा दहा दिवस डोळे फोडून आतच बसली होती, माझं ऐकून. तिला बाहेर मी बोलावलं, आणि हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.