मकावाची शिकवणी

अमरेश सरांकडे मकाव आला, त्या दिवसापासून आमच्या लातुरात नुसती कुत्री पाळणारे लोक हलके ठरले. निळा-पिवळा, कोंबड्याएवढा पोपट, हैदराबादहून एसी गाडीत बसून आलेला. त्याचा पिंजरा मी बनवला, आम्ही पिढीजात पिंजरेवाले. हा एक्झॉटिक आहे, नजीरभाई, असं सर मला दहा वेळा म्हणाले. या शब्दाचा अर्थ मला लवकरच कळला. ज्याला काय खायला घालावं हे मालकाला ठाऊक नसतं आणि ज्याला बघायला पाहुणे येतात, ते जनावर एक्झॉटिक.

पिंजरा सरांच्या शिकवणीच्या क्लासच्या दारातच टांगला. अ‍ॅडमिशनला येणाऱ्या आईबापांना मकावाने ‘वेलकम’ म्हणावं, ही सरांची हौस. मकाव नुसता किंचाळायचा. सरांना आयुष्यात एकच विद्या येते, ढ पोराला हुशार पोराशेजारी बसवायचं. तीच त्यांनी पाखराला लावली आणि आमचा राघू आठवडाभर मागितला.

हा राघू माझ्या बायकोच्या, बिलकीसच्या माहेरचा. भूकंपात तिचं सगळं माहेर गाडलं गेलं. ढिगाऱ्यातून हा एकटा जिवंत निघाला, पंख मोडलेला. वीस वर्षं तो रोज सकाळी तिच्या अब्बांच्या आवाजात हाक मारायचा, “बिल्लो, उठ बेटा.” अब्बांचा फोटोसुद्धा उरला नव्हता, उरली होती ती ही हाक.

बिलकीस द्यायला तयार नव्हती. पण आमची सादिया सरांच्याच क्लासला होती. पोरीच्या सरांना नाही कसं म्हणायचं, असं मीच म्हणालो. त्या शहाणपणाबद्दल मी अजून स्वतःला शिव्या घालतो.

आठव्या दिवशी आम्ही राघू आणायला गेलो, तर तिथे एकटा मकाव. सरांनी सांगितलं ते असं. वनखात्यातला एक पालक आला होता. देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आमच्याकडे जमा करा, असं तो म्हणाला. मकाव परदेशी, कागद असले की झालं. सरांची पाचावर धारण बसली. क्लासचं नाव पेपरात येईल म्हणून या विद्वानाने राघू जमाही केला नाही आणि आम्हाला साधा फोनही केला नाही.

“चाकूरच्या रस्त्याला सोडून दिला,” सर म्हणाले. “पुण्याचंच काम झालं.”

“सर, त्याला उडता येत न्हाई,” बिलकीस म्हणाली.

“शिकेल की हळूहळू.”

हे सांगताना ते मकावाला काजू भरवत होते. असल्या माणसाच्या हाती आम्ही लेकरं देतो.

आम्ही दोघं तसेच चाकूरच्या रस्त्याला गेलो. ऊन उतरेपर्यंत बांधाबांधाने हाका मारत फिरलो. सोयाबीन खुरपणाऱ्या एका बाईला विचारलं.

“राघू लई येतेत हितं,” ती म्हणाली. “तुमचा कंचा?”

बोलणारा, असं मी सांगितलं. काय बोलतो, असं तिने विचारलं. तेव्हा बिलकीसने अब्बांसारखी हाक मारून दाखवायचा प्रयत्न केला. एकदा केला, दोनदा केला. तिला तो आवाज जमला नाही.