छत्रीच्या निशाणीचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. पत्र्याचा, मागे टाचणी असलेला, निवडणुकीत छातीवर लावतात तसला. मराठी माझी जन्मभाषा नव्हे. सिंगापूरच्या पुंगोल भागात निशिकांत आणि अनघा यांच्या फ्लॅटमध्ये ऐकून ऐकून ती शिकलो. ऐकण्यापलीकडे मला दुसरं काम तरी काय आहे?

माझा जन्म इथल्याच एका खेळण्यांच्या कारखान्यातला. पत्र्याच्या मोटारी आणि शिट्ट्या काढणाऱ्या यंत्रातून आम्ही बिल्ले बाहेर पडलो, कारण गावात निवडणूक होती. माझ्या कडेवर इंग्रजीत नाव होतं, खाली छत्रीची निशाणी आणि मधोमध एका माणसाचा चेहरा. तो मुरुगय्याचा. बंदरावर कारकुनी करणारा हा माणूस कुठल्याच पक्षात नव्हता. आमच्या वस्तीला पाण्याचा नळ हवा, एवढंच तो दारोदार सांगत फिरे.

लोक फार प्रेमाने ऐकायचे. चहा पाजायचे, बिल्ला मागून घ्यायचे आणि पाठ वळली की पोरांना खेळायला द्यायचे. शेवटी मला मुरुगय्याने स्वतःच्याच शर्टावर लावलं. आपलाच चेहरा छातीवर मिरवताना तो इतका लाजायचा की समोरून कुणी आलं की हाताने मला झाकायचा. असा माणूस निवडून येणार कसा? तो सपाटून हरला.

निकालानंतर तो बायकोला घेऊन पुंगोलच्या किनाऱ्यावर आला. तिला सातवा महिना होता. त्याने मला तंबाखूच्या डबीत ठेवलं, झाकण घट्ट दाबलं आणि एका माडाखाली डबी पुरली. "पुढच्या खेपेला लागेल," असं तो तिला हसत म्हणाला. त्याचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

पुढची खेप आलीच नाही. मी अंधारात वाट पाहत राहिलो. डबी गंजली, मग गंज माझ्यावर चढला. वर माड पडला, वस्ती गेली, इमारती आल्या. मला फक्त हादरे कळत. आपल्याला विसरले आहेत हे कळायलाही मला फार वर्षं लागली.

मग निशिकांत आला. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद लागतो. त्याने जमिनीतला धातू शोधणारं यंत्र घेतलं. कानाला हेडफोन लावून तो रोज सकाळी किनारा पालथा घालायचा. "अहो, आज पण कोल्ड्रिंकची झाकणंच का?" असं अनघा विचारायची आणि बहुतेक वेळा ती झाकणंच असायची. एका सकाळी यंत्र माझ्यावर येऊन वाजलं.

घरी आणून त्याने डबी उघडली. माझा चेहरा गंजाच्या थराखाली होता, पण कडेची अक्षरं आणि छत्री वाचता येत होती. बरेच महिने मी टेबलावर पडून त्या घरातली बोलणी ऐकली, मग त्याने माझा फोटो असल्या वस्तू शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. एका जुन्याजाणत्या माणसाने उत्तर दिलं की हा पन्नासच्या दशकातल्या निवडणुकीचा बिल्ला आहे, छत्री एका अपक्षाची निशाणी होती, आणि बिल्ला अजिबात घासू नका, गंजाखाली रंग शिल्लक असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. निशिकांतने ते वाचून मान हलवली. घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

दोन दिवसांनी फोन आला. सिंगापूरच्याच क्वीन्सटाउन भागात राहणाऱ्या कमला नावाच्या बाईंचा. त्यांच्या भाचीने ग्रुपवर नाव वाचलं होतं. मुरुगय्या त्यांचे वडील. त्या तान्ह्या असताना ते तापाने गेले आणि पुढे आगीत घर जळलं, त्यात होता नव्हता तो फोटोही गेला.

"आय नेवर सी हिज फेस, यू नो," त्या सिंगापुरी धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या. "सेवंटी इयर्स ओल्ड ऑलरेडी. आय जस्ट वॉन्ट टू सी."

मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होतो. मला इतकी वर्षं वाट पाहायला लावणाऱ्या मुरुगय्याला मी त्या क्षणी माफ केलं.

रविवारी निशिकांत त्यांना आणायला स्टेशनवर गेला. अनघा देवाची तांब्याची भांडी घासायला बसली होती. तिच्या स्वतःच्या वडलांची तसबीर भिंतीवर लखलखत असते. तिची नजर माझ्यावर पडली.

"कुणाचे तरी वडील आहेत," ती पुटपुटली. "असे काळेकुट्ट कसे दाखवायचे?"

तिने मला चिंचेच्या कोळात बुडवलं, मीठ लावलं आणि अंगठ्याने चोळू लागली. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. गंज सुटला. हनुवटी दिसली, मिशी दिसली, मग दोन्ही डोळे.

"अगबाई, किती तरुण," अनघा म्हणाली.

तिने मला नळाखाली धरलं आणि मुरुगय्या पाण्याबरोबर वाहून गेला. रंग गंजाला धरून होता, गंजाबरोबर सुटला. तिच्या हातात कोरा पत्रा राहिला.

थोड्या वेळाने दार वाजलं. कमला आत आल्या, चपला काढल्या, खुर्चीत बसल्या. अनघाने मला वाटीत घालून पुढे आणलं. निशिकांतने सगळं ओळखलं आणि मान खाली घातली.

"मीच घासला," अनघा इंग्रजीत कशीबशी म्हणाली. "चांगला दिसावा म्हणून. मला दिसले होते ते, क्षणभर."

कमलांनी मला उलटंपालटं केलं. "यू सॉ हिम?" त्यांनी विचारलं. "हाउ ही लुक?"

अनघाने डोळे मिटले. तिने खूप आठवून पाहिलं. पण तेव्हा तिचं लक्ष कडेच्या एका डागाकडे होतं. "तरुण होते," ती म्हणाली आणि रडू लागली.

"यंग, आह," कमला म्हणाल्या. "नेवर माइंड लाह. डोंट क्राय." त्यांनी अनघाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते आणि ते मला जास्त लागलं.

आता मी क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाजारात जाताना त्या मला ब्लाउजला लावतात. लोक विचारतात, हे कसलं रिकामं बटण? त्या पिशवी उचलून पुढे चालू लागतात. रोज मला हातात घेऊन बराच वेळ बघतात आणि ठेवून देतात.

त्यांना काय सांगायला हवं ते मला ठाऊक आहे, पण माझा आवाज त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला कधी कोरा बिल्ला लावलेली म्हातारी बाई दिसली तर माझं एवढं काम करा. तिला सांगा की तिचं कपाळ, ते पुढे आलेले कान आणि हसताना एका बाजूला झुकणारे ओठ, सगळं मुरुगय्याचं आहे.