घरातलीच कारागीर

बॅगांच्या त्या दुकानात पुढच्या काचेच्या दर्शनी भागात मोठे भावजी आणि नवरा नव्या बॅगा विकत, आणि मागे जिन्याखाली धाकटी सून तुटक्या बॅगांचे बंद, चाकं, चेनी नीट करत बसे. अकरा वर्षं. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून ती वाकूनच उठायची. गिऱ्हाइकं तिला चेनवाली म्हणत, आणि हळूहळू घरातलेही म्हणू लागले.

भावजींना दुरुस्तीचं वावडं होतं. "तुटलेलं जोडून दिलं तर नवं घेणार कोण?" असं म्हणत ते निम्मी गिऱ्हाइकं परस्पर नव्या बॅगांकडे वळवत. चेनवालीला मात्र त्यातच गोडी. चौकात एक गाळा रिकामा पडला होता, एका अंगाला बसथांबा, दुसऱ्या अंगाला शाळा. तिथे फक्त दुरुस्तीचं दुकान काढायचं, हे तिच्या मनानं घेतलं.

लघुउद्योग कार्यालयात दर मंगळवारी दुपारी एक बाई व्यवसायाचा आराखडा कसा करायचा ते शिकवत. दोरे आणायच्या निमित्तानं ती तिथे जाऊन बसू लागली. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"सगळेच की."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. मोजून या."

मग ती मोजू लागली. महिनाभर आलेली प्रत्येक बॅग वहीत उतरली: काय तुटलं, कुणाचं, किती घाईत. शंभरातल्या त्रेचाळीस बॅगांचा नुसता रनर, चेनीवरून सरकणारा तुकडा, गेलेला, म्हणजे दहा मिनिटांचं काम. आणि बहुतेक माणसं बसनं जाणारी, आत्ताच्या आत्ता हवं म्हणणारी. गाळ्यासमोर उभं राहून तिनं सकाळ-संध्याकाळची वर्दळ टिपली, दर ठरवले, वर्षाचा खर्च काढला. 'स्पर्धक कोण?' ह्या रकान्यापाशी ती आठवडाभर अडली. मग लिहून टाकलं: आमचंच दुकान.

बाईंनी सगळं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "इतका नेमका आराखडा मी इथं पाहिलेला नाही. आता कर्जाच्या अर्जाला फक्त अनुभवाचा दाखला जोडा. मालकाच्या सहीचा."

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. मालक म्हणजे भावजी, आणि न वाचता सही करायला ते काही दूधखुळे नव्हते. नवऱ्याला मध्ये घालावं, तर तो भावासमोर मान वर करत नसे. शेवटी मनाचा हिय्या करून तिनं फाइल भावजींपुढे ठेवली.

तीन दिवस फाइल त्यांच्याकडेच राहिली. त्या तीन दिवसांत तिनं दोनदा चेन उलटी लावली. चौथ्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "अकरा वर्षं आपण सोनं जिन्याखाली पुरून ठेवलं होतं. चौकातला गाळा घेतला मी. सकाळीच बोलणं पक्कं झालं."

जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, ह्यांना तुझी कदर आहे." नवरा तर हरखून गेला.

"कुणाच्या नावावर?" तिनं विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? दुकानाच्याच. ही आपली शाखा. आराखडा टाइप करून घेतलाय, उद्या अर्ज जाईल. तू एकदा नजर घाल, आकडे चुकायला नकोत."

आकडे चुकले नव्हते. तिचं मोजमाप, तिचे दर, तिनं हातानं काढलेला चौकाचा नकाशा, सगळं जिथल्या तिथं होतं. स्पर्धकाच्या रकान्यात 'कुणी नाही' असं होतं. खाली 'जोखीम' ह्या मथळ्याखाली एक नवी ओळ होती: कुशल कारागीर सोडून जाण्याची शक्यता नाही, कारागीर घरातलीच आहे.

ती ओळ तिनं तीनदा वाचली.

"भावजी, हे मी माझ्यासाठी लिहिलं होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर निदान भांडता आलं असतं. "अगं, तू आणि आम्ही वेगळे कधी झालो?" एवढं म्हणून ते हात धुवायला उठले.

मंगळवारी तिनं बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "एका जागेसाठी एकच अर्ज घेता येतो. दुसरी जागा बघा. पण दाखला लागेलच." दाखल्याचं तिनं घरी पुन्हा काढलं, तेव्हा भावजी हसले. घरच्या माणसाला कसला दाखला?

चौकातलं दुकान पहिल्या दिवसापासून चाललं. तिनं लिहिलं होतं तेवढीच गिऱ्हाइकं, तिनं लिहिलं होतं त्याच वेळेला. सकाळी आठला ती मशीनवर बसे, ती दिवेलागणीला उठे. तिसऱ्या महिन्यात तिचा अंगठा सुजला. भावजी चक्कर टाकायला आले तेव्हा ती म्हणाली, "आराखड्यात नवव्या पानावर होतं, तिसऱ्या महिन्यापासून एक बाई शिकवून तयार करायची."

"ते पान मी गाळलं," भावजी शांतपणे म्हणाले. "बाहेरच्या माणसाला शिकवलं की तो उद्या समोरच दुकान थाटतो. हे तुझ्याच फाइलवरून शिकलो मी. आणि तू आहेस की."

ते गेले. काउंटरवर एका बाईनं प्रवासाची बॅग टेकवली. रनर गेला होता.

"बस आहे हो माझी. होईल ना?"

"दहा मिनिटं थांबा," चेनवाली म्हणाली आणि सुजलेला अंगठा वाचवत पकड उचलली. मागे आणखी चौघं उभे होते, आणि शाळा सुटायला अर्धा तास होता.