दोन सभागृहांमधली बॅग

मित्रांनो, मी चामड्याची एक जुनी बॅग आहे. आता रेकॉर्डच्या खोलीत तळाच्या फळीवर पडून असते. माझ्यावर मोडक्या खुर्चीचा पाय ठेवला आहे. पण बावीस वर्षं मी राज्याच्या विधिमंडळात काम केलं.

आमच्याकडे दोन सभागृहं होती. खालच्या सभागृहात लोकांनी थेट निवडलेले आमदार बसत. वरच्या सभागृहात शिक्षकांनी, पदवीधरांनी, नगरपालिकांनी निवडून दिलेले. देशाचं सैन्य आणि चलन केंद्र सरकार बघे, दवाखान्यांचे कायदे मात्र इथे होत. खाली मंजूर झालेलं विधेयक माझ्यातून वर जाई. मला नेणाऱ्या शिपायाला सगळे टपालकाका म्हणत.

काकांची बायको खडी फोडण्याच्या कारखान्यात कामाला होती. दगडाच्या धुळीने तिची फुफ्फुसं गेली. अशा कामगारांना सरकारने उपचार आणि घरी प्राणवायूचं यंत्र द्यावं, असं विधेयक एका दुपारी खाली मंजूर झालं. ते माझ्यात ठेवल्यावर काकांनी माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

जिन्याजवळ फोन होता. काका थांबले.

"अगं, झालं मंजूर."

"वरच्यांचं राहिलंय ना?" तिची धाप मलाही ऐकू आली. "मग पळा की. गप्पा घरी येऊन मारा."

काका हसत जिना चढले. वर पोचलो तर सभागृहाच्या दाराला कडी लागत होती. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. सदस्य फारच थोडे उरले म्हणून बैठक ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधीच संपवली होती.

"उद्या सकाळी आणतो," काका म्हणाले.

"उद्या कुणाला देणार, खुर्च्यांना?" दारावरचा शिपाई म्हणाला. "आता चार महिन्यांनी या."

वरच्या सभागृहाला विधेयक कायमचं अडवता येत नाही. पहिल्या खेपेला फार तर तीन महिने. पण ते तीन महिने मोजायचे विधेयक सभागृहापुढे ठेवल्यापासून. कपाटातल्या बॅगेचे दिवस कोणी मोजत नाही. चार महिने ते माझ्या पोटात पडून राहिलं. पुढच्या अधिवेशनात वरच्यांनी ते अर्ध्या तासात, एका शब्दाची चर्चा न करता मंजूर केलं. त्याच्या एकोणीस दिवस आधी काकांची बायको गेली होती.

काका निवृत्त होईपर्यंत एकच म्हणत राहिले, "मी फोनपाशी थांबायला नको होतं."

मित्रांनो, मी त्यांच्या हातात होते. ते दोन मिनिटं थांबले. पाऊण तास आधी उठून गेले ते दुसरेच. मला हे काकांना सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी सभागृहातल्या खुर्चीवर बसलं, तर वेळ संपेपर्यंत उठू नका. कोणीतरी जिना चढत असतं.